अंगणातलं रोहणा : बागेतल्या नॅरोगेज गाडीसाठी स्थानक आणि फलाट कसे बांधाल?

बागेत छोटी आगगाडी फिरवण्याचा छंद असलेले वाचक रूळ टाकेपर्यंत फारसे कुठे अडत नाहीत. रूळ तयार मिळतात, एकमेकांना जोडले की वाट तयार होते. अडतात ते स्थानकापाशी. फलाट किती उंच ठेवायचा, रुळापासून किती दूर, कशाचा बांधायचा, पावसाळ्यात खचला तर काय, डबा कडेला घासतो तो का घासतो, असे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांचा त्यात आणखी एक असतो : 'आमच्या रोहण्याचं ठेसन अंगणात करता येईल का?'

करता येईल, आणि करावंच. मोठ्या जंक्शनची नक्कल करण्यापेक्षा लहान लाईनवरचं लहान स्थानक बागेत कितीतरी जास्त शोभतं, शिवाय ते एका माणसाच्या आवाक्यातलं काम आहे. मात्र बहुतेक जण इमारतीपासून सुरुवात करतात आणि तिथेच काम फसतं. आधी जमीन, मग रूळ, मग फलाट आणि सगळ्यात शेवटी इमारत, हा क्रम सोडू नका.

नमुना नीट समजून घ्या

पुलगाव-आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची लाईन १९१७ मध्ये सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. लाईन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार किलिक निक्सन कंपनीकडे आणि गाड्या चालवायची जीआयपी रेल्वे. आर्वीकडचा कापूस पुलगावला मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर आणून सोडणं हे तिचं मुख्य काम. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या लाईनी याच कुळातल्या. या सगळ्यांनाच लोक लाडानं शकुंतला म्हणतात. आर्वी लाईनवर आज गाडी धावत नाही. रोहणा हे याच लाईनवरचं, आर्वी तालुक्यातलं स्थानक.

या इतिहासाचा तुमच्या बांधकामाशी थेट संबंध आहे. कापसाच्या लाईनवरच्या लहान स्थानकाला लागतं ते इतकंच : एक मुख्य रूळ, बाजूला डबे उभे करायला एक जोडरूळ, एक लांब बुटका फलाट, एक मालधक्का आणि एक छोटी इमारत. पादचारी पूल नको, दुसरा फलाट नको, मोठी शेड नको. जागा शिल्लक असेल तर ती मालधक्क्याला द्या, कारण अशा लाईनचा जीव मालात होता.

काळ कोणता दाखवायचा तेही आताच ठरवा. यवतमाळच्या लाईनवर मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन अनेक दशकं राबलं आणि १५ एप्रिल १९९४ पासून तिथे डिझेल आलं. तुमची गाडी वाफेची असेल तर स्थानकात पाण्याची टाकी आणि कोळशाचा ढीग यांना जागा हवी. डिझेलची असेल तर नको. दोन्ही काळ एकत्र केले की स्थानक कुठलंच राहत नाही.

खरी मापं कुठून मिळवाल?

अंदाजानं बांधू नका. मापं मिळवण्याचे चार मार्ग आहेत.

- गावातली माणसं आणि जुने फोटो. लग्नाची वरात, शाळेची सहल, निरोपाचा प्रसंग अशा फोटोंत मागे स्थानक दिसतं. फोटोत उभ्या माणसाची उंची साडेपाच फूट धरली की दार, खिडकी, छपराची कड यांची मापं त्यावरून काढता येतात.
- माहितीचा अधिकार. स्थानकाचा किंवा यार्डाचा नकाशा रेल्वेकडे उपलब्ध आहे का, हे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली विचारता येतं. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी अर्जाचं शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. कागद पाहायला गेलात तर पहिल्या तासाला शुल्क नसतं, पुढच्या प्रत्येक तासाला ५ रुपये. अर्जात 'सगळी माहिती द्या' असं लिहू नका. 'पुलगाव-आर्वी मार्गावरील रोहणा स्थानकाचा यार्ड आराखडा आणि स्थानक इमारतीचा नकाशा' असं नेमकं मागा. ते कार्यालय चुकीचं असेल तर अर्ज योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.
- नागपूरचं मोतीबाग नॅरोगेज संग्रहालय. ७६२ मिलिमीटरची खरी इंजिनं आणि डबे तिथे हाताच्या अंतरावर पाहायला मिळतात. पायरी जमिनीपासून किती उंच आहे, डबा रुळाच्या बाहेर किती झुकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की फलाटाबद्दलचे निम्मे प्रश्न सुटतात. पुण्याकडच्या वाचकांनी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहावं. तिथली प्रतिकृती घरातली आहे, बागेतली नाही, पण स्थानकाची मांडणी शिकायला उत्तम.
- प्रत्यक्ष जागा. गाडी बंद असली तरी जमीन आणि साहित्य मोकाट झालेलं नाही. आत जायचं असेल तर रेल्वेची परवानगी घ्या. याबद्दल पुढे लिहिलं आहे.

प्रमाण : हा निर्णय एकदाच घ्यायचा असतो

बागेतल्या गाड्यांचे रूळ मुख्यतः ३२ आणि ४५ मिलिमीटर अशा दोन रुंदींत येतात. गोंधळ होतो तो इथे, कारण एकाच रुळावर वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या चालतात.

- ३२ मिमी रूळ, १:२४ प्रमाण. ७६२ भागिले २४ म्हणजे जवळजवळ बरोबर ३२. अडीच फुटी लाईनसाठी याच्याइतका सोयीचा जोड नाही. खऱ्या एका फुटाला तुमचा अर्धा इंच. गवंड्याच्या टेपनं सगळं मोजता येतं, हिशोबाची वही लागत नाही.
- ४५ मिमी रूळ, १:१७ प्रमाण. हेही बरोबर बसतं. एका फुटाला सुमारे १८ मिमी. गाडी मोठी, रुबाबदार दिसते, पण वळणं मोठी लागतात आणि डबे बहुधा स्वतःच बनवावे लागतात.
- ४५ मिमी रूळ, १:२२.५ प्रमाण. बाजारातले तयार संच, विशेषतः १९६८ पासूनचे जर्मन एलजीबी, याच प्रमाणाचे. हे मूळचे मीटरगेजसाठीचे. तुमच्याकडे असा संच आधीच असेल तर तो टाकून देऊ नका. इमारत आणि माणसं १:२२.५ प्रमाणात करा, स्थानक डोळ्याला पटेल.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना माझा स्पष्ट सल्ला ३२ मिमी आणि १:२४ असा आहे. या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस पावणेतीन इंच, सात फुटी दार साडेतीन इंच, बारा फूट रुंद फलाट सहा इंच आणि ३० बाय १५ फुटांची इमारत १५ बाय साडेसात इंच होते. इंजिन आणि तीन डबे मिळून साधारण सहा फूट लागतात, म्हणून फलाट आठ फूट धरा. खऱ्या हिशोबात तो १९२ फूट झाला. लहान लाईनच्या गाडीला तेवढा पुरतो.

पुढची सगळी मापं याच प्रमाणाची आहेत.

काळी माती हा खरा शत्रू

परदेशी पुस्तकांत 'माती सपाट करा आणि पाया घाला' एवढंच सांगितलेलं असतं. आर्वी-पुलगावच्या पट्ट्यात हे चालणार नाही. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बोट जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर थेट टाकलेला सिमेंटचा फलाट पहिल्याच वर्षी मधोमध उचलला जातो किंवा एका टोकाला बसतो. रूळ वाकडे होतात आणि दोष मात्र रूळ बनवणाऱ्याला दिला जातो.

काम असं करा :

1. स्थानकासाठी किमान दहा फुटांची सरळ, सपाट जागा निवडा. कडुनिंब, आंबा, जांभूळ यांच्या खाली नको. मुळं पाया उचलतात आणि जांभळाचे डाग फलाटावरून निघत नाहीत.
2. फलाट आणि दोन्ही रुळांच्या रुंदीपेक्षा सहा इंच जास्त रुंद चर खणा. खोली दीड फूट. जमीन मुरमाड असेल तर सहा इंच पुरे.
3. तळाला वाळवीचं औषध टाका, विशेषतः जवळ लाकडी कुंपण किंवा जुनं झाड असेल तर.
4. मुरूम चार-चार इंचांच्या थरांत भरा. प्रत्येक थर पाण्यानं भिजवून धुम्मसानं ठोका. एकदम दीड फूट भरून वरून ठोकलेला मुरूम आत पोकळच राहतो.
5. वर शेतात वापरतात ती तण रोखणारी मॅट अंथरा. हरळी एकदा गिट्टीत शिरली की रूळ उखडल्याशिवाय निघत नाही.
6. त्यावर दोन-तीन इंचांचं साधं काँक्रीट किंवा शहाबादी फरशी. लांबीच्या दिशेनं अगदी पातळीत, कारण स्थानकात उतार असला की सोडलेला डबा आपोआप चालू लागतो.
7. पायाची वरची पातळी आजूबाजूच्या मातीपेक्षा दोन इंच वर ठेवा.

पाण्याची वाट हा वेगळा विषय आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आठ फुटांचा फलाट बागेत आडवा पडला की तो बांध होतो. जून ते सप्टेंबर पाणी त्याच्यामागे तुंबतं, मुरूम भिजलेला राहतो आणि काळी माती बाजूनं फुगून पाया ढकलते. म्हणून काँक्रीट घालण्याआधीच दर तीन फुटांवर दोन इंची पीव्हीसी पाइप पायातून आडवा ठेवा, उताराच्या बाजूला अर्धा इंच खाली. पाइपाच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर उंदीर आणि बेडूक आत मुक्काम करतात.

हे काम दिवाळीनंतर घ्या. तेव्हा मातीत मध्यम ओल असते, म्हणजे ती पुरती फुगलेलीही नसते आणि आकसलेलीही नसते. एप्रिल-मे मध्ये भेगाळलेल्या जमिनीत घातलेला पाया पहिल्या पावसात हलतो. शिवाय ४५ अंशांच्या उन्हात काँक्रीटला पुरेसं पाणी मारणं अवघड जातं.

फलाट

आधी रूळ टाका, गिट्टी भरा, काही आठवडे गाडी चालवून पाहा. रूळ आपल्या जागी स्थिरावले की मगच फलाटाची कड बांधा. फलाट आधी बांधून त्याला रूळ जुळवू पाहणाऱ्यांना शेवटी फलाट फोडावा लागतो.

उंची. शहरी ब्रॉडगेज फलाट डोळ्यांसमोर ठेवून लोक उंच फलाट करतात. लहान नॅरोगेज स्थानकांवर अनेकदा फलाट म्हणजे रुळाच्या पातळीचा किंवा किंचित उंच केलेला मुरमाचा पट्टा असायचा. लोक पायरीवर पाय देऊन डब्यात चढत. रुळाच्या माथ्यापासून अर्धा इंच, फार तर पाऊण इंच एवढीच उंची ठेवा. माप नेहमी रुळाच्या माथ्यापासून घ्यायचं, जमिनीपासून नाही, कारण गिट्टी दाबली जाते.

अंतर. तुमच्या सर्वांत रुंद वाहनाची रुंदी मोजा. वाफेचं इंजिन असेल तर सिलिंडर आणि पायऱ्या तपासायला विसरू नका, कारण बुटक्या फलाटाला आधी त्याच लागतात. त्या रुंदीच्या निम्म्यात ५ मिमी मिळवा. दोन रुळांच्या मध्यापासून फलाटाच्या कडेपर्यंत एवढं अंतर सरळ रुळावर पुरतं. घरातल्या प्रतिकृतीत याहून कमी चालतं, पण बागेत सगळंच थोडं सरकतं.

वळणावर फलाट शक्यतो टाळा. जागेअभावी घ्यावाच लागला तर लक्षात ठेवा : वळणाच्या आतल्या बाजूला डब्याचं पोट बाहेर येतं, बाहेरच्या बाजूला डब्याचे कोपरे. पोट किती बाहेर येईल ते असं काढा : दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा आणि वळणाच्या त्रिज्येच्या आठ पटीनं भागा. बोगींमधलं अंतर ३०० मिमी आणि त्रिज्या १२०० मिमी असेल तर उत्तर ९.४ मिमी. हाच डबा एकूण ४५० मिमी लांब असेल तर कोपरे सुमारे ११.७ मिमी बाहेर जातात. सरळ रुळावरच्या अंतरात एवढं मिळवलं नाही तर डबा घासणारच. आकडेमोड नको असेल तर डब्याच्या मध्याला आणि कोपऱ्याला पेन्सिल चिकटवा, खाली पुठ्ठा अंथरा आणि डबा हातानं हळू ढकला. उमटलेली रेघ हीच तुमची मर्यादा. कड त्या रेघेच्या ५ मिमी पलीकडे.

कड बांधताना ॲल्युमिनियमच्या पट्टीची एक मापपट्टी करून घ्या. ती रुळांवर बसावी आणि तिच्या टोकाला फलाटाची उंची व अंतर दोन्ही मिळावं. दर सहा इंचांवर ती सरकवून पाहिली की कड चुकत नाही.

साहित्य. पर्याय पुष्कळ सांगितले जातात. उन्हा-पावसात टिकतात ते दोनच.

- शहाबादीच्या पट्ट्या. फरशीवाल्याकडून दीड ते दोन इंच रुंदीच्या पट्ट्या कापून घ्या, रुळाच्या बाजूला उभ्या लावा, मागे मुरूम भरा. माझ्या मते हाच सर्वांत चांगला मार्ग. रंग दगडासारखाच, कारण तो दगडच आहे, आणि पुढे रूळ हलवावे लागले तर पट्टी काढून पुन्हा लावता येते.
- साच्यात ओतलेला सिमेंट-रेतीचा कालव. एकास तीन प्रमाण, आत कोंबडीजाळी, दर दोन-तीन फुटांवर सांधा. अर्धवट वाळल्यावर खिळ्यानं दगडांच्या रेघा ओढा. अर्धा इंच उंच आणि एक इंच लांब दगड दिसायला बरोबर वाटतो. किमान आठवडाभर ओलं गोणपाट टाकून ठेवा.

प्लायवूड, सनबोर्ड, थर्माकोल हे घरातल्या प्रतिकृतीचं साहित्य आहे. वैशाखात सनबोर्ड वाकतो, प्लाय आषाढात सुटतो.

वरच्या पृष्ठभागासाठी मैद्याच्या चाळणीनं चाळलेला मुरूम आठ भाग आणि सिमेंट एक भाग कोरडंच मिसळा, पसरा, ब्रशनं सारखं करा आणि फवाऱ्यानं हलकं पाणी मारा. विदर्भातल्या स्थानकाचा तांबूस रंग रंगाच्या डब्यातून येत नाही, या मुरमातूनच येतो. फलाटाला रुळापासून मागे, साठास एक असा उतार द्या. सहा इंच रुंदीला तो अडीच मिलिमीटर होतो. पाणी मागे जातं, रुळाखाली उतरत नाही.

रूळ कधीही सिमेंटमध्ये पक्के करू नका. हिवाळ्याच्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी रुळाच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्या फरकानं दहा मीटर पितळी रूळ साडेनऊ मिलिमीटर वाढतो, लोखंडी सहा, ॲल्युमिनियमचा साडेअकरा. ही वाढ कुठेतरी जायला हवी. जोडांवर फट ठेवा. हिवाळ्यात काम करत असाल तर थोडी जास्त. फलाटाच्या कडेनं रूळ अडकवला की तो उन्हाळ्यात नागमोडी होतो.

मालधक्का. हा प्रवासी फलाटापेक्षा उंच असतो, डब्याच्या तळाशी सपाट. तुमच्या मालडब्याचा तळ रुळापासून किती वर आहे ते मोजा आणि तेवढाच ठेवा. एका टोकाला बैलगाडी चढेल असा उतार द्या. धक्क्यावर कापसाच्या गाठी हव्यातच. जाड कापडाचे तुकडे घट्ट दाबून, बारीक तारेनं आवळून त्या करता येतात. शेजारी सरकीची पोती मांडली की पुलगाव-आर्वी लाईनची ओळख पाटी न वाचताच पटते.

इमारत उचलून नेता येईल अशी करा

पावसाळ्यात आणि होळीनंतरच्या कडक उन्हात इमारत घरात ठेवता आली तर ती दहापट टिकते. म्हणून तिला फलाटात पुरू नका. फलाटावर इमारतीच्या मापाचा अर्धा सेंटिमीटर खोल खळगा ठेवा, इमारत त्यात बसवा. कडेला मुरूम सारला की सांधा दिसत नाही.

भिंतींसाठी ६ मिमीचं फायबर सिमेंट बोर्ड घ्या. घेताना त्यात ॲस्बेस्टॉस नाही याची खात्री करा. घरावरचा जुना सिमेंटचा पत्रा कापून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो अजिबात करू नका. त्यातलं ॲस्बेस्टॉस फुप्फुसात गेलं की त्यावर इलाज नाही. नवं बोर्डही ओलं करून, मास्क लावूनच कापा.

नालीदार पत्र्याचं छप्पर घरीच होतं. खऱ्या पत्र्याच्या दोन नाल्यांमधलं अंतर तीन इंच, तुमच्या प्रमाणात तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा तेवढ्या अंतराच्या आट्यांवर किंवा जवळजवळ चिकटवलेल्या तारांवर ठेवून बोथट काडीनं दाबत जा. कडा धारदार असतात, हातमोजे घाला. छप्पर भिंतीच्या बाहेर किमान दीड इंच काढा. आपल्याकडच्या स्थानकाला सावली हाच मुख्य दागिना.

बाकी वस्तू मोजक्याच ठेवा : तिकीटखिडकी, एक बाक, पाण्याचा रांजण, कंदिलाचा खांब आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव. अक्षरं सुवाच्य हवीत, तिथे घाई करू नका. स्थानकामागच्या झाडासाठी कुंती किंवा मेंदी लावा. पानं बारीक असतात, छाटणी सोसतात आणि १:२४ प्रमाणात जुन्या झाडासारखी दिसतात.

वीज

बागेत २३० व्होल्टची तार नेऊ नका. ॲडॉप्टर घरात ठेवा आणि बाहेर फक्त १२ ते २४ व्होल्ट डीसी आणा. ज्या सॉकेटवर तो लावाल त्याच्या मागे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असू द्या. दिव्यांच्या तारा फलाट भरण्याआधी पातळ पाइपातून टाका, नंतर जागा मिळत नाही.

आपल्याकडच्या धुळीत रुळातून वीज घेणारी गाडी रोज रूळ पुसायला लावते. नवी सुरुवात असेल तर बॅटरीवरचं इंजिन आणि रिमोट हा पर्याय घ्या. बॅटरी उन्हात सोडू नका, चार्जिंग घरात आणि डोळ्यांसमोर. विजा कडाडू लागल्या की बाहेर गेलेल्या सगळ्या तारा काढून ठेवा.

परवानगी आणि तुमचे हक्क

घर भाड्याचं असेल तर खणण्याआधी मालकाची लेखी संमती घ्या आणि जाताना काय काढून न्यायचं ते त्यातच लिहा. सोसायटीची बाग सामाईक असते. सचिवांनी तोंडी होकार दिला तरी तो पुढच्या समितीवर बांधील नसतो. सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या.

गच्चीवर मातीत रूळ टाकण्याचा विचार असेल तर हा हिशोब पाहा. सहा इंच ओली माती दर चौरस मीटरला २७० किलोच्या आसपास भरते. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरला जाणारा चल भार साधारण १५० किलो आहे. म्हणून गच्चीवर माती नको. हलक्या लोखंडी स्टँडवर रूळ ठेवा, स्टँड भिंतींच्या आणि बीमच्या रेषेत, आणि वॉटरप्रूफिंगमध्ये खिळा ठोकू नका.

बंद लाईनवरचं साहित्य. 'गाडी तर बंदच आहे, एक रुळाचा तुकडा किंवा फिशप्लेट आणली तर काय बिघडतं?' हा प्रश्न फार वेळा विचारला जातो. फार बिघडतं. रेल्वे मालमत्ता (अवैध कब्जा) कायदा, १९६६ खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वे हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रेल्वेचं भंगार अधिकृत ई-लिलावातून विकलं जातं. ओळखीतून कोणी जुनी पाटी, कंदील किंवा तिकीट देत असेल तर ती वस्तू त्याच्याकडे कशी आली याचा कागद मागा. कागद नसेल तर हात जोडून परत करा. मापं घेण्यासाठी मध्य रेल्वेच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी अर्ज करा, उद्देश, तारीख आणि सोबतच्या माणसांची संख्या लिहा.

खरेदी. परदेशातून मागवलेल्या रुळांवर आयात शुल्क वेगळं लागतं. किमतीत ते धरलं आहे की नाही हे आधी लेखी विचारा. इथल्या विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्या आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा. माल सदोष निघाला आणि विक्रेता दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

यंदा किती करायचं?

सगळं एका हिवाळ्यात उरकायचा हट्ट धरू नका. पहिल्या वर्षी पाया, रूळ आणि फक्त तीन फूट फलाट करा. त्यावरून एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. दसऱ्याला मापपट्टी पुन्हा रुळावर ठेवा आणि स्पिरिट लेव्हल लावा. अंतर आणि पातळी दोन्ही दोन मिलिमीटरच्या आत असतील तर उरलेला पाच फूट फलाट आणि मालधक्का बांधायला घ्या, इमारतीचं काम घरात सुरू करा. फरक त्याहून जास्त असेल तर फलाट वाढवू नका. त्या जागी आधी मुरूम पुन्हा ठोकून घ्या आणि पाण्याची वाट तपासा.